घोडापंख्याची पैज

पैज लागली माझ्या सोड्याच्या दुकानात, आणि लावली मीच. खोटं कशाला बोलू? मालवण बंदरावर त्या काळी जेवढ्या बिनडोक पैजा लागायच्या, त्यातल्या निम्म्या माझ्या. उभ्याउभ्या बारा बाटल्या सोडा पिण्याची माझी. पाटलाच्या बोकडाला टोपी घालून बाजारातून फिरवायची, ती पण माझी. ती तर मी जिंकलोही होतो, बोकड टोपी खाईपर्यंत.

गोवा सुटून तीन-चार वर्षं झाली होती. मुंबईची आगबोट परत पणजीपर्यंत जायला लागली होती आणि येता-जाता मालवणला अर्धा तास थांबायची. थांबायची म्हणजे बाहेर खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहायची, कारण आत सगळे खडक. मग माणसं, ट्रंका, फणस, कोंबड्या असं सगळं पडावात भरून बाबू तांडेल आणि त्याचे आठ वल्हेकरी ते आगबोटीच्या शिडीपर्यंत पोचवायचे. बाबूला त्याचा भारी तोरा. समुद्र म्हणजे याच्या मागच्या दारचं परसू.

त्या संध्याकाळी दुकानात बाबू होता, लवू न्हावी होता, आणि माझा शेजारी मॅन्युएल. मॅन्युएलने तीस वर्षं जहाजांच्या इंजिनखोलीत काढली. निवृत्त होऊन घरी आला आणि गावात कोणी ऐकलं नाही असं खूळ घेऊन बसला. त्याने होडी बांधून घेतली. लहानशी, निळी-पांढरी, मागे लावायचं पेट्रोलचं इंजिन. जाळं नाही, माल नाही.

बाबू म्हणाला, "मासे नाय, पॅसेंजर नाय. मगे होडी कित्याक रे, मॅन्युएल?"

"फिरूक."

"फिरूक?" बाबूने बाटली खाली ठेवली. "समुद्रात फिरूक जातंत? उद्या म्हणशीत, चुलीत बसूक जातंय."

मी कशाला गप्प बसतोय. "बाबू, उगाच हसा नको. त्याची होडी तुझ्या पडावाच्या आधी शिडीक लागात. बघ."

"माज्या आधी?" बाबू तापला. मला तेच पाहिजे होतं. मी लगेच फिरलो आणि मॅन्युएलकडे बोट केलं. "नायतर मी म्हणतंय, नाय लागाची. खेळण्यातली होडी ती. मी पडावाच्या बाजून. बोल, लावतंस पैज?"

"काय लावतंस?"

"मिशी. अर्धी."

लवू न्हावी खुदखुदला. मॅन्युएलची मिशी म्हणजे गावची शान. दोन्ही टोकांना मेण लावून वर वळवलेली, जहाजावरच्या साहेबासारखी. माझीही काही कमी नव्हती.

"अर्धीच कित्या?" मॅन्युएलने विचारलं.

"पुरी काढली तर माणूस साधू दिसता. अर्धी काढली तर गाढव दिसता. हरलेल्यान हय वाळूत बसाचा, मासळीच्या लिलावाच्या टायमाक, सगळ्या गावासमोर. लवू भादरतलो."

मॅन्युएल हसला. थोडा विचार केला आणि म्हणाला, "चलात. पण दीस मी सांगतलंय. पावसाच्या आधीची शेवटची आगबोट. पणजीसून येता ती."

मला वाटलं, त्या दिवशी बंदरावर गर्दी जास्त, म्हणून निवडला दिवस. आम्ही हातावर हात मारले.

आता त्या होडीचं सांगतो. मॅन्युएलच्या बायकोच्या, सेवरीनबायच्या, अंगावरून दोन वर्षांपूर्वी वारं गेलं. उजवं अंग लुळं पडलं. बोलणं गेलं ते थोडं थोडं परत आलं, एका वेळी एक-दोन शब्द. तीस वर्षं हा जहाजावरून पत्रं लिहायचा की सुटून आलो की तुला समुद्र दाखवतो. तिच्या घरासमोर समुद्र, तरी हा दाखवणार. आला, आणि सहा महिन्यांत ती खाटेवर. म्हणून होडी. मधोमध त्याने वेताची आरामखुर्ची पक्की ठोकून घेतली होती. रविवारी हा तिला उचलून खुर्चीत बसवायचा आणि किल्ल्याला वळसा घालून आणायचा. ती अर्ध्या तोंडाने हसायची. परत आली की माझी बायको, जानकी, तिचे केस विंचरून द्यायची. वाऱ्याने पार घरटं झालेलं असायचं.

इंजिन मॅन्युएलने मुंबईत कोणा साहेबाच्या जुन्या सामानातून आणलं होतं, आणि त्याच्यासोबत दोन पंखे मिळाले होते. पंखा म्हणजे पाण्याखाली फिरून होडी ढकलतो तो, पितळेचा. एक तीन पात्यांचा, पाती जवळजवळ सपाट. दुसरा दोनच पात्यांचा, पण पाती चांगली पिळलेली. आम्हाला वाटायचं पंखा तो पंखा, फिरला की झालं. मॅन्युएलला तसं म्हटलं की तो इतका चिडायचा की मी मुद्दाम म्हणायचो.

"आयक रे अक्कलशून्या," तो सांगायचा. "स्क्रू लाकडात शिरता, तसो पंखो पाण्यात शिरता. ह्यो तीन पात्यांचो, एका फेऱ्याक सात इंच पुढे जाता. ह्यो दोन पात्यांचो, अकरा इंच."

"मगे अकरावालो लाव आणि झोप."

"आणि वजन? ह्यो सातवालो म्हणजे बैल. सावकाश, पण कितीव भार घाल, ओढता. अकरावालो घोडो. हलकी होडी असली तर पळता. भार जास्ती झालो तर इंजिनाक फेरेच घेवक गावनत नाय. धापा टाकता. भरलेल्या गाडीक घोडो जुपलंस तर घोडो मरता, आणि गाडीव ऱ्हवता थंयच."

झालं, गावाने नावं उचलली. बैलपंखा आणि घोडापंखा. पोरं रस्त्यात विचारायची, "मॅन्युएलमामा, आज बैल काय घोडो?"

पंखा कोणता बसवायचा हे तो अंदाजाने ठरवणारा माणूस नव्हता. सेवरीनबायच्या वजनाचं कोणीतरी खुर्चीत बसवून वेळ लावायची होती. वल्हेकऱ्यांना वेळ नव्हता. मी होतोच रिकामटेकडा. मी जानकीची शाल डोक्यावरून घेतली, हातात पंखा घेतला, हवेचा, आणि खुर्चीत बसलो. "चला, घोवानु, माका समुद्र दाखवा!" बंदरावरची माणसं पोट धरून हसली. ओसरीवर बसलेली सेवरीनबायसुद्धा. मॅन्युएल मात्र घड्याळ काढून गंभीर. धक्क्यापासून काळ्या खडकापर्यंत बैलाने पावणेसहा मिनिटं घेतली. घोड्याने चार.

"तू तिच्यापरास वीसेक रत्तल जड आसस," तो म्हणाला. "तुका घेऊन चार, म्हणजे तिका घेऊन त्याच्याव आधी. घोडोच लावतलंय. पण गुरु, इंजिनाचो आवाज आयकलंस? थोडो भार आणखी पडलो असतो तर घोडो गुदमारलो असतो."

त्यानेच मला शिकवलं, कुठे मारायचं ते.

शेवटच्या आगबोटीच्या दिवशी मी पहाटे उठलो. घरात एक जाड गोणपाट होतं. त्याच्या तोंडाला जानकीच्या मोडक्या पाटीची वेताची कडी शिवली, म्हणजे तोंड उघडं राहील. मॅन्युएलची होडी कमरेएवढ्या पाण्यात बांधलेली असायची. पुढे, पाण्याच्या खाली, तिच्या कण्याला लोखंडी कडी होती, होडी वर ओढायला. त्या कडीला काथ्याच्या दोरीने गोणपाट बांधलं, तोंड पुढे. होडी उभी असेपर्यंत कळायचं नाही. चालायला लागली की गोणपाट पाणी पिऊन फुगणार आणि मागे खेचणार, मालकाला जाऊ न देणाऱ्या कुत्र्यासारखं. पंखा तपासला तरी सापडायचं नाही, कारण पंख्याला काही झालेलंच नसणार. मी पाण्यात उभा राहून एकटाच हसलो. इतकी सुबक खोडी मी आयुष्यात केली नव्हती.

दहाच्या सुमाराला मॅन्युएलकडे गेलो. तो ओसरीवर कागद पसरून बसलेला, दोन्ही पंखे समोर. घाम फुटलेला.

"गुरु, खरा सांग. बैल लावू काय घोडो?"

"तूच तर घड्याळ लावून बघितलंस!"

"बघितलंय. पण आज सुकती आसा, ओहोटीची ओढ आडवी लागतली. बैलान गेलो तर उशीर होयत, पण पोचान तरी खात्रीन. घोड्यान गेलो तर..."

"अरे मिशीक इतको भियातंस? घोडो लाव! मर्द आसस मां?"

तो माझ्याकडे बघत राहिला, काहीतरी सांगावं की नको असं. मग घोडापंखा उचलला.

सेवरीनबाय आत तयार बसली होती. लग्नातली साडी. मांडीवर दोदोलचा डबा. दोदोल, नारळ-गुळाचं ते गोड, जानकीनेच करून दिलेलं, मॅन्युएलने मागितलं म्हणून. कशाला ते त्याने सांगितलं नव्हतं.

"सेवरीनबाय, आगबोटीच्या कप्तानाक जावय करून घेतास काय?" मी विचारलं.

ती हसली नाही. नुसती डब्यावर हात ठेवून बसली.

अकराला भोंगा झाला. आगबोट नांगर टाकत होती. मी बाबूच्या भरलेल्या पडावात पुढे उभा. बाजूला निळी होडी. लवूने रुमाल खाली टाकला आणि दोघेही सुटलो. पहिल्या शंभर हातांत मॅन्युएल पुढे गेला. मग त्याच्या इंजिनाचा आवाज बदलला. टरटर होतं ते घरघर झालं, दमेकऱ्यासारखं. होडी जागच्या जागी राहिली आणि इंजिन तापायला लागलं. आम्ही बाजूने निघालो.

"घोडो बसलो रे, घोडो बसलो!" मी ओरडलो. वल्हेकरी हसले. "मॅन्युएल, खाली उतर आणि ढकल!"

त्याने वर बघितलंसुद्धा नाही. तो मागे वाकून पंख्याकडे बघत होता. खुर्चीत सेवरीनबाय ताठ बसलेली, डावा हात पुढे काढून. हात आगबोटीकडे. मला वाटलं, नवऱ्याला जोर देते आहे.

शिडीला पहिला हात मी लावला. "जिकलंय!" म्हणून अशी आरोळी ठोकली की वरचे प्रवासी वाकून बघायला लागले.

शिडीच्या सगळ्यात खालच्या फळीवर, पाण्यापासून हातभर वर, एक पांढऱ्या कपड्यातली सिस्टर उभी होती. एका हाताने दोरखंड धरलेला. लाटेने पायताणं भिजलेली. तिने माझ्याकडे बघितलं.

"गुरुमामा?"

मी ओळखलं नाही. डोक्यावर पांढरा कपडा. मग डोळे ओळखले. ईडा. मॅन्युएलची मुलगी. गोवा सुटला त्याच वर्षी गोव्याच्या मठात गेलेली.

"गुरुमामा, पापा खंय? तांका कागद गावलो मां? मदरांनी परवानगी दिली, फक्त शिडीवरसून. खाली उतराक नाय. मायक घेऊन येतत म्हणून लिवलेले. मुंबईसून आमचा जहाज आफ्रिकेक जाता. महारोग्यांचो दवाखानो आसा थंय. धा वर्सां तरी परत नाय."

माझ्या हातात शिडीचा दोर होता. मी तो सोडला नाही. सोडला असता तर पाण्यात पडलो असतो.

मॅन्युएलने मला सांगितलं नव्हतं. सांगणार कसा? माझं तोंड म्हणजे बंदराचा भोंगा. मी गावभर केलं असतं, सगळं गाव ईडाला बघायला शिडीशी लोटलं असतं, आणि मदरांनी दिलेली परवानगी काढून घेतली असती. म्हणून त्याने पैजेआड लपवलं. माझी पैज त्याला पांघरायला बरी सापडली होती.

"ती बघ, येतत," मी म्हटलं. लांब, अर्ध्या वाटेवर, निळा ठिपका. हलत नव्हता. ईडाने डोळ्यावर हात धरला.

"थांबले कित्या? काय झाला?"

त्या क्षणाला मी सांगू शकलो असतो. बाबूला सांगितलं असतं तर चार माणसं उडी मारून पोहत गेली असती. दोरीला एक सुरी लागायची. नुसती सुरी. अर्धा तास होता आणि त्यातली दहा मिनिटंच गेली होती. पण अख्खा पडाव माझं तोंड बघत होता आणि मी जिंकलेला माणूस होतो.

"पंखो चुकलो असतलो," मी म्हटलं. "घोडो लावल्यानी. बैल लावूक होयो होतो."

असं म्हणालो मी. तिला. तिच्या बापाबद्दल.

मग मात्र मी आरडाओरडा केला. बाबूला म्हटलं, माणसं रवांदेत, पडाव मागे घे, तिका घेऊन येवया. बाबू म्हणाला, पडावात चाळीस माणसां आणि बोजो, तो कोण चढवतलो, तुजो बापूस? वरच्या अधिकाऱ्याला हात जोडले, साहेब, दहा मिनिटं जास्त थांबा. तो म्हणाला, ओहोटी लागली आहे, पुढे दोन बंदरं घ्यायची आहेत, ही काय एस्टी आहे? माणसं चढली, ट्रंका चढल्या, कोंबड्या चढल्या. ईडा शिडीवरच. प्रत्येक ट्रंकेला अंग चोरून बाजूला होत होती, पण वर जात नव्हती. मग दुसरी, म्हातारी सिस्टर आली आणि तिने ईडाच्या खांद्याला हात लावला.

ईडाने झग्याच्या आतून कापडात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. "मायक दिया. नी सांगा..." म्हातारीने तिला वर नेलं. शिडी वर गेली.

परत येताना आमचा पडाव निळ्या होडीला लागला. इंजिन बंद, वर उचललेलं. मॅन्युएलचे हात तेलाने काळे. आगबोट किल्ल्यापलीकडून वळत होती. कठड्याला एक पांढरा ठिपका होता, हलत होता. सेवरीनबायचा डावा हात अजून वर.

मी ते कापड तिच्या मांडीवर ठेवलं. तिने एका हाताने उलगडलं. आत वेणी होती. काळी, जाड, तेल लावून घट्ट घातलेली. व्रत घेताना कापतात ती. सेवरीनबायने ती वेणी हातात धरली आणि पेड मोजल्यासारखा अंगठा खाली खाली नेत गेली.

"मी घोडो लावूक नको होतो," मॅन्युएल म्हणाला. मला नाही, कोणालाच नाही.

बाबूने दोर टाकला आणि त्यांची होडी ओढायला घेतली. "जड कित्या लागता रे ही?" तो म्हणाला.

"पाणी भरला आसात," मी म्हटलं.

किनाऱ्याला लागल्यावर सगळ्यांच्या आधी मी पाण्यात उडी मारली, होडी धरायला. लोक म्हणाले, बघा, गुरुदास थट्टेखोर, पण काळीज मोठा. मी पाण्याखाली हात घालून सुरीने दोरी कापली आणि गोणपाट पायाखाली दाबून उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी मॅन्युएल दुकानात आला. मला वाटलं, कळलं. पण तो मिशीला हात लावून म्हणाला, "गुरु, मी हरलंय. शब्द म्हणजे शब्द. पण थोडो थांब. सेवरीनाक ही मिशी आवाडता. ती बघता तोवर रवांदे."

मी म्हटलं, "अरे सोड ती पैज."

"नाय. हरलंय तो हरलंय."

गावाने तोंड आवरलं नाही. कोणाची पोर नापास झाली, कोणाचं लग्न फिसकटलं, की माणसं म्हणायची, "घोडो लावल्यान." मी शिकवलेलं वाक्य. ते माझ्या दुकानात रोज दहा वेळा यायचं आणि मी सोड्याच्या गोट्या फोडत राहायचो.

जानकीला गोणपाट चौथ्या दिवशी सापडलं, लाकडांच्या मागे. तिने वेताची कडी ओळखली, स्वतःच्या पाटीची. मी दारात उभा होतो.

"सांगतलंस कधी?" तिने विचारलं.

"सांगतंय."

"कधी?"

मी बाहेर गेलो. पाऊस सुरू झाला. ती रोज सेवरीनबायला भरवायला जायची आणि परत येऊन माझ्याकडे बघायची. आधी ती माझ्या खोड्यांवर भांडायची. ते बरं होतं.

श्रावणात सेवरीनबाय गेली. वेणी तिच्या उशाखाली होती, ती तिच्याबरोबर ठेवली. मातीहून परत येताना मॅन्युएल माझ्या बाजूने चालत होता.

"एकदाव माका दोष देवक नाय तिना," तो म्हणाला. "फकत मराच्या आधी दोन दिसां म्हणाली, 'बैल लावलो असतो तर?' इतक्याच." मग बऱ्याच वेळाने, "तीस वर्सां मी इंजिनात काढलंय, गुरु. बायकोक नी चेडवाक एकदा भेटवाचा होता. थंयच कसो चुकलंय?"

तेव्हाही मी मान खाली घातली. चिखल होता. पाय बघत चाललो.

पावसाळा संपून पहिली आगबोट आली त्या दिवशी सकाळी मी बंदरावर होतो. लिलाव चालू होता. बांगडे आले होते, बायकांचा कालवा. जानकी पाटी घेऊन उभी. बाबूचा पडाव तयार. आणि मॅन्युएल आला. धुतलेला सदरा, मिशीला मेण. हातात पिशवी. लवूसमोर वाळूत बसला.

"लवू, वस्तरो काढ. आता कोणाक बघूचा नाय."

कालवा थांबला. मॅन्युएलने पिशवीतून घोडापंखा काढला आणि बाबूला दिला. पितळ घासून लख्ख केलेलं. "मिशी हय, आणि ह्यो भायर खोल पाण्यात. जाताना टाक. माज्या हातान टाकवत नाय."

कोणी तरी मागून "घोडो..." म्हणायला लागला आणि गप्प झाला. लवूने साबण लावला. वस्तरा पट्ट्यावर घासला. एकदा. दोनदा. मॅन्युएलने डोळे मिटले आणि तोंड वर केलं.

मी लवूचा हात धरला.

"काय रे?" लवू म्हणाला. "आता तरी थट्टा पुरे."

"पंखो बरोबर होतो," मी म्हटलं.

मॅन्युएलने डोळे उघडले.

"मी होडीक गोणपाट बांधलेलंय. खाली, पाण्यात, कण्याच्या कडीक. पैज जिकाक. माका ईडाचा ठावक नव्हता. पण शिडीवर कळला, तेवाव सांगूक नाय. उलट तिका सांगलंय, तुजा चुकला." मी लवूचा हात सोडला. "तुजो घोडो बरोबर होतो. तू घड्याळ लावून बघितलंस, ता सगळा बरोबर होता. गोणपाट नसता तर तू माज्या आधी पोचतस."

बाबू तांडेल एक पाऊल पुढे आला. त्याची मूठ वळलेली मी बघितली. मारली असती तर बरं झालं असतं. पण मॅन्युएल बोलला आणि तो थांबला.

"पंखो बरोबर होतो?"

"बरोबर होतो."

"सुकती धरून?"

"सुकती धरून."

त्याने तोंडावरचा साबण बाहीने पुसला. उठायला दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा उठला. बाबूच्या हातातून पंखा परत घेतला आणि छातीशी धरला. मला वाटलं, आता तोच डोक्यात घालील. मी हललो नाही.

"ईडाक कागद तू लिवतलंस," तो म्हणाला. "तुज्या हातान. सगळा. गोणपाट, शिडी, सगळा. मी वाचून मगे टपालात टाकतलंय."

"लिवतंय."

"आता माका जाऊक होया. आधी तिका सांगूचा आसा."

आणि तो निघाला. बाजूला झालेल्या माणसांतून, वर, घराकडे नाही, चर्चच्या मागे सेवरीनबायच्या कबरीकडे. पंखा छातीशी. एकदाही मागे बघितलं नाही.

मी त्याच्या जागेवर बसलो. वाळू अजून उबदार होती. "लवू," म्हटलं, "लाव."

लवूने जुना साबण पुसून नवा केला. "पुरी काढू काय?" त्याने हळूच विचारलं. "अर्धी घेऊन खंय फिरतलंस?"

"अर्ध्याची ठरलेली."

"खंयची?"

"उजवी."

शंभरेक माणसं उभी होती. बांगड्यांवर माशा बसत होत्या, कोणी हाकलत नव्हतं. आयुष्यभर थट्टा केल्या, पण इतकी गर्दी माझ्या एकाही थट्टेला जमली नव्हती. जानकी पाटी डोक्यावर घेऊन सगळ्यांच्या पुढे आली, अगदी समोर, आणि उभी राहिली. बाहेर आगबोटीचा भोंगा झाला. बाबूने पडाव सोडला नाही. वल्हेकरी वल्ही हातात धरून बघत राहिले.

वस्तरा ओठावर आला. कोणीच हसलं नाही.